दुसरी हाक

टॉकीजच्या पायरीशी आल्यावर आप्पांनी पायताण काढलं आणि काखेत मारलं.

"बाबा, देऊळ न्हाई हे," दारावरचा माणूस म्हणाला. "घाला पायात. आत लोकं पान खाऊन कुटंबी थुकत्यात."

"आसू दे. पायाला पायरी कळती माझ्या."

काचबिंदूनं आप्पांची नजर नेल्याला काही वर्षं झाली होती. उजेड आणि अंधार एवढंच त्यांना कळायचं. तरी शिवारात ते एकटेच हिंडायचे, बांधावरून कुणी हात धरायला गेलं तर झिडकारायचे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ मी लहानपणापासून बघत आले होते. त्या दिवशी मात्र त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं आणि त्यांचा तळहात घामानं ओला झाला होता.

आम्ही 'ओढ्याकाठची राणी' बघायला आलो होतो. म्हणजे बघणार मी, आप्पा ऐकणार होते. त्या सिनेमात माझी थोरली बहीण तानू होती, आणि तानू जाऊन आता बरीच वर्षं झाली होती.

तिचा एक फोटोसुद्धा आमच्या घरात नव्हता. होता तो आप्पांनीच चुलीत घातला होता. सिनेमावाल्यांनी ओढ्यापलीकडच्या पाटलांच्या शेतात तळ टाकला तेव्हा मी शाळकरी होते. पाखरं राखायचा देखावा होता, त्यासाठी गावातल्या चार पोरी हव्या होत्या. त्या चौघींतून तानू अशी काही उठून दिसली, की तिला नायिकेच्या मैत्रिणीचं कामच दिलं. आप्पा म्हणाले, "रंग फासून परक्या बाप्यांम्होरं हुबी ऱ्हायलीस तर माझ्या उंबऱ्याला पाय लावू नगंस." तानू म्हणाली, "न्हाई लावत." आणि मामाकडे राहायला गेली. दोघंही एकाच मातीचे. पुढे तिनं त्या सिनेमात माईक धरणाऱ्या दिनकरशी लग्न केलं, कोल्हापुरात बिऱ्हाड थाटलं आणि दुसऱ्याच पावसाळ्यात काविळीनं गेली. निरोप आला तेव्हा आप्पा उठून शेतात गेले. शेत नांगरून मोकळं पडलं होतं, राखायला काही नव्हतं, तरी मचाणावर, राखणीच्या माळ्यावर जाऊन बसले. आईनं भाकरी पाठवली ती तशीच परत आली.

इकडे सिनेमाच्या भागीदारांचं भांडण कोर्टात गेलं आणि रिळं डब्यात पडून राहिली. आधी आप्पा सिनेमाचं नाव काढू देत नसत. डोळे गेल्यावर तेच विचारायला लागले. आमच्या गावाला मुक्कामी येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरला दर आठवड्याला गाठायचे. "लागला का हो त्यो?" "कोणता, आप्पा?" "आमच्या तानूचा." ड्रायव्हरलाही पाठ झालं होतं. दात होते तेव्हा चणे नव्हते आणि चणे आले तेव्हा दात नव्हते, असं मी एकदा म्हटलं, तर आप्पा म्हणाले, "डोळं गेलं तर गेलं. कान हाईत न्हवं? एकडाव तिचा आवाज कानावर पडू दे. मग मी मोकळा." शेवटी खटला मिटला आणि सिनेमा लागला.

तानूचा आवाज घोगरा होता, बाप्यासारखा. बोलायला लागली की वाटायचं हिला पडसं झालंय. आई काळजी करायची, की या आवाजाच्या पोरीला कोण करून घेणार. आप्पांना त्या आवाजाचा अभिमान होता, पण तो त्यांनी कधी बोलून दाखवला नाही. त्यांच्यात ती सवयच नव्हती.

आत पंखे घरघरत होते. लोक फारसे नव्हते. आम्ही बसलो तोच मागून कुणीतरी म्हणालं, "अनसूया, आलीस का?" दिनकरदाजी होते. मीच त्यांना कळवलं होतं. सिनेमाच्या वेळी पोरसवदा गडी होता तो, आता कानशिलं पांढरी झाली होती. दुसरं लग्न केलं नव्हतं.

"आप्पा, दाजी आल्यात," मी म्हटलं.

आप्पांनी मान वळवली नाही. "आल्यात तर बसू दे की. तिकीट काढलंच आसंल."

दाजी माझ्या पलीकडे बसले. सासऱ्या-जावयाच्या मध्ये मी, कुंपण घातल्यासारखी. त्या दोघांची गाठ आयुष्यात पहिल्यांदा पडत होती, तीही अंधारात.

सिनेमा सुरू झाला. आधी नायिका आली, नायक आला, पाटलाच्या वाड्यातली भांडणं झाली. आप्पा दर घटकेला विचारायचे, "आली का?" मी म्हणायचे, "आजून न्हाई." आणि मग पाणवठा आला. चार बाया घागरी विसळत होत्या. एक उठून उभी राहिली, डोईवरचा पदर दातात धरला आणि कॅमेऱ्याकडे वळली.

 तानूच. कपाळावरचा देवीचा वण, डावा खांदा जरा वर उचलायची सवय, सगळी तीच. मी तिच्याहून वयानं मोठी झाले होते आणि ती तिथं पाणवठ्यावर अजून तेवढीच होती. मला रडू फुटलं.

"आली, आप्पा! आली!"

आप्पा पुढे वाकले. पुढच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली.

तानूनं तोंड उघडलं. "इश्श! असं काय गं करतेस? पाटीलकाका काय म्हणतील?"

आवाज चिमणीएवढा बारीक आणि गोड होता. तानू जन्मात कधी इश्श म्हणाली नव्हती.

"कोण बोलतंय हे?" आप्पांनी विचारलं.

मी पडद्यावरच्या तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"अनशे, तुला इचारतुया. तानू कुटं हाय?"

"पडद्यावर तानूच हाय, आप्पा. तोंड तिचंच हाय."

"आन् बोलतीया कोण?"

मी दाजींकडे बघितलं. त्यांचं तोंड उतरलं होतं. "दुसरीचा आवाज भरलाय," ते पुटपुटले. "जाग्यावर माईक आसतोय, पर सिनेमात घालायचा आवाज मागनं बंद खोलीत पुन्यांदा बोलून घेत्यात. कोर्टातनं सुटल्यावर घेतला आसणार. तवा तानू कुटं हुती? मला कुणी सांगितलं न्हाई आप्पा, देवाशपथ. मी बी तेवढ्यासाठीच आलतो."

 खुर्चीची पाठ धरलेले आप्पांचे हात सुटून मांडीवर आले. माणूस कितीही पाषाण असला तरी असं कुणाच्या वाट्याला येऊ नये. इतकी वर्षं वाट बघून आलेला तो म्हातारा, समोर लेक बोलत होती आणि त्याला ऐकू येत होती भलतीच कुणी.

"उठायचं का, आप्पा?"

"बस."

पुढे तानू आणखी दोनदा दिसली. दोन्ही वेळा ती बारीक आवाजात हसली, आणि दोन्ही वेळा आप्पांनी तोंड फिरवलं, उघड्या डोळ्यांच्या माणसानं फिरवावं तसं.

मग शाळूचं शेत आलं. ज्वारीची कणसं भरलेली, मधोमध माळा, माळ्यावर हातात गोफण घेऊन तानू उभी. मी आप्पांना सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात पडद्यावरून हाक आली.

"हाऽऽऽऽ रे हूऽऽऽऽ!"

घोगरी, जाड, पोटातून निघालेली, शिवार ओलांडून जाणारी. ती तानू होती. तिचीच.

आप्पा ताडकन उभे राहिले. दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी नेली आणि साऱ्या टॉकीजला ऐकू जाईल असं ओरडले, "हूऽऽऽऽ रे हाऽऽऽऽ! आली रं आलीऽऽऽ!"

आमच्या खोऱ्यात ही रीत होती. आपल्या शेतातली पाखरं उठवली, की ती शेजारच्या शेतावर जाऊन बसणार. म्हणून उठवणाऱ्यानं हाक घालायची, आणि शेजारच्या माळ्यावरच्यानं तिला उत्तर द्यायचं, म्हणजे तो जागा आहे, सावध आहे, हे कळायचं. या हाकेला उत्तर न देणं आमच्याकडे वैऱ्यालाही शोभायचं नाही. बांधावरून डोकी फुटलेली माणसंसुद्धा एकमेकांच्या हाकेला उत्तर द्यायची. आणि आप्पा हाकेसाठी सात गावांत नावाजलेले. तानूला त्यांनीच शिकवली होती.

"ए म्हाताऱ्या, बस की खाली!" मागून कुणीतरी ओरडलं. पोरं हसायला लागली. एकानं शिट्टी मारली. आप्पांना कशाचं भान नव्हतं. ते पुन्हा पुन्हा उत्तर देत होते, "आली रं आलीऽऽऽ!" आणि मी त्यांचा सदरा ओढत होते. पडद्यावर तानूचं तोंड पुन्हा हललं, पण आप्पांच्या ओरडण्यात आणि लोकांच्या हसण्यात मला काही ऐकू आलं नाही. दारावरचा माणूस बॅटरी घेऊन धावत आला.

"बाहेर काढा ह्यांना!"

आम्ही बाहेर आलो. टॉकीजच्या आवारात चहाची गाडी होती, तिच्या बाकड्यावर आप्पांना बसवलं. त्यांना धाप लागली होती, पण चेहरा कधी नव्हे तो उजळला होता.

"तिचीच हुती," ते म्हणाले. "तिचीच. व्हय का न्हाई?"

"तिचीच," दाजी म्हणाले. "ती हाक आवाज भरणाऱ्या बाईला जमली नसणार. म्हणून जाग्यावरचीच ठेवली. त्या दिवशी माईक मीच धरला हुता."

आप्पांनी चहाची बशी तोंडाशी नेली आणि तशीच खाली ठेवली. "एकदाच घातली तिनं. न्हाई?"

"दोनदा," दाजी म्हणाले.

"एकदा."

"दोनदा, आप्पा. आत्ताबी तिनं दोनदा घातली. तुमी वरडत हुता म्हणून ऐकू आली न्हाई."

"एकदाच घातली!" आप्पांनी बाकड्यावर मूठ आपटली. चहावाला वळून बघायला लागला. "तू मला नगं सांगूस. मी हुतो तितं."

"कुटं हुता?" मी विचारलं.

 आप्पा बोलायला लागले ते माझ्याशी नाही आणि दाजींशीही नाही, समोरच्या उजेडाशी बोलावं तसं.

"ओढ्याअल्याड. आपल्याच माळ्यावर. सिनेमावाल्यांचा तमाशा पल्याड चालला हुता आन् मी अल्याड पाखरं राखत हुतो. माझा शाळू काय सिनेमासाटी थांबणार हुता? तिनं हाक घातली. मी वळखली. वळखणार न्हाई व्हय? उत्तर पार गळ्यापतोर आलं हुतं माझ्या." त्यांनी गळ्याला हात लावला. "गिळलं. म्हटलं, चार बाप्यांम्होरं नाचतीया आन् मी हिला ओ देऊ? उतरलो माळ्यावरनं, ओढ्यात शिरलो आन् बंधाऱ्याकडनं घराकडं चालू पडलो."

मला हे कुणीच कधी सांगितलं नव्हतं. आईलाही ठाऊक नसावं.

"पर एक सांगतो," आप्पा म्हणाले. "तिनं दुसरी हाक घातली आसती, तर मी माघारी फिरलो आसतो. देवाम्होरं सांगतो. रीत हाय ती. पहिलीला उत्तर आलं न्हाई, तर दुसरी लांब घालायची, नाव घिऊन. तिनं न्हाई घातली. ती बी माझीच लेक. म्हाताऱ्यानं ओ दिली न्हाई, इषय सपला. तिनं बी सोडलं, मी बी सोडलं. फिट्टंफाट."

या फिट्टंफाटीवर हा माणूस इतकी वर्षं जगला होता, हे मला त्या बाकड्यावर उमगलं. चूक अर्धी आपली, अर्धी तिची. निम्मं ओझं तिच्या डोक्यावर दिलं होतं म्हणून राहिलेलं निम्मं त्यांना उचलवत होतं.

"आप्पा, जाऊ दे," मी म्हटलं. "चला, एसटीची येळ झाली."

"न्हाई. पुन्यांदा बसायचं. ह्यो जावई माझा म्हणतोय दोनदा. बगू दे मला."

जावई हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच येत होता, आणि तोही भांडणात. दाजींनी माझ्याकडे बघितलं. त्यांना बहुतेक वाटत होतं, आपण कशाला बोललो. "ऐकू नगासा, आप्पा," ते हळूच म्हणाले. "माझीच चूक झाली आसंल. लई दिस झालं त्येला."

"तिकिटं काढ."

सहाच्या खेळाला आम्ही पुन्हा त्याच रांगेत बसलो. दारावरच्या माणसाची मी मिनतवारी केली, की आता म्हातारा ओरडणार नाही. या वेळी आप्पा मधे बसले. मी एकीकडे, दाजी दुसरीकडे. पाणवठा आला, ती बारीक इश्श आली, आप्पा ढिम्म हलले नाहीत. शाळूचं शेत आलं तसं मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांनी पटक्याचा लोंबता शेव काढला आणि तोंडात कोंबला, दातांनी घट्ट धरला.

"हाऽऽऽऽ रे हूऽऽऽऽ!"

आप्पांचं सगळं अंग ताठ झालं. पण आवाज बाहेर आला नाही. टॉकीजमध्ये शांतता होती. पडद्यावर तानू माळ्याच्या कडेला आली. ओढ्याच्या दिशेला कान दिला. पाखरांचा थवा तिच्या डोक्यावरून निघून गेला. तिनं गोफण खाली टाकली, टाचा उंचावल्या आणि ओंजळ तोंडाशी नेली.

"हाऽऽऽऽ रे हूऽऽऽऽ! आप्पाऽऽऽऽऽ! ओ आप्पाऽऽऽऽऽ!"

लांब, चढत जाणारी आणि शेवटाला फाटलेली. त्या फाटण्यात राग नव्हता. घाबरलेलं पोर बापाला हाक मारतं तशी ती हाक होती. मग ती माळ्याची शिडी धडाधडा उतरली आणि शाळूतून पळत सुटली, पडद्याच्या बाहेर गेली. लगेच नायिकेचं गाणं सुरू झालं.

आप्पांनी तोंडातला शेव काढला. तो ओला झाला होता.

"घातली की गं तिनं," ते म्हणाले. "नाव घिऊन घातली."

"ओढ्यात तुमाला ऐकू आलं नसंल, आप्पा," मी म्हटलं. "बंधाऱ्याचं पाणी केवढं वाजतंय तितं."

"व्हय. वाजतंय."

मग मध्यंतर होऊन दिवे लागले. लोक उठून बाहेर गेले. आमच्या रांगेत आम्ही तिघंच उरलो. आप्पांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. मी माझ्या पदरानं पुसायला गेले, त्यांनी पुसू दिलं.

"पावणं," आप्पा म्हणाले.

दाजी दचकले. "जी."

"ती पळाली कुटं? शिडी उतरून?"

दाजी खाली बघत राहिले. "सिनेमात दाखवत्यात, की नायिकेला काय तरी सांगायला गेली म्हणून."

"सिनेमाचं न्हाई इचारत."

"आप्पा, जाऊ दे की आता."

"कुटं पळाली ती, पावणं? रीत मला ठावं हाय. दुसऱ्या हाकंला उत्तर आलं न्हाई तर हातातलं टाकून शेजाऱ्याच्या माळ्याकडं पळायचं. साप चावला आसंल, पडला आसंल. तिकडंच आली हुती का ती?"

दाजींनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली नाही. हो म्हणायची माझी छाती नव्हती आणि नाही म्हणायचीही नव्हती. शेवटी ते बोलले.

"आली हुती. पळायचं आमी तिला सांगितलंच नव्हतं. दुसरी हाक बी सीनमधी नव्हती. सायेब वरडत ऱ्हायले, कुटं चालली, कुटं चालली, आन् ही ओढा उतरून तुमच्या बांधावर. मी माईक टाकून मागनं धावलो, म्हटलं ठेचकाळून पडंल. माळा रिकामा हुता. तिनं माळ्याखाली बघितलं, शाळूत बघितलं. मग बंधाऱ्यापल्याड तुमी दिसला. पाठमोरं. घराकडं चालला हुता."

"मग?"

"मग हुबी ऱ्हायली. तुमी वळणावरनं दिसंनासं होईपतोर."

"हाक न्हाई घातली पुन्यांदा?"

"न्हाई."

"रडली आसंल."

"न्हाई, आप्पा. हसली. माझ्याकडं वळली आन् घाम पुसत म्हणाली, 'चालत्यात की ताठ. काय झालं न्हाई त्यास्नी. मला वाटलं, पडलं का काय माळ्यावरनं.' आन् गपगुमान कामाला लागली."

आप्पांनी पुढच्या खुर्चीच्या पाठीवर कपाळ टेकलं.  आणि तसंच, खाली तोंड करून म्हणाले,

"रडली आसती तर सोसलं आसतं मला."

मध्यंतर संपल्याची घंटा झाली आणि दिवे गेले. पुढचा सिनेमा आम्ही तिघांनीही पाहिला नाही, पण उठलंही कुणी नाही.